होमरनचा विक्रम कुणाचा धरायचा? बॉन्ड्स, जज, मॅरिस आणि हँक ॲरन शेजारी शेजारी ठेवून

बेसबॉल नव्याने पाहायला लागलात की महिन्या-दोन महिन्यांत हा प्रश्न पुढ्यात येतोच. एका मोसमात सर्वांत जास्त होमरन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) कुणाचे? विक्रमांच्या यादीत नाव आहे बॅरी बॉन्ड्सचं: ७३, साल २००१. पण न्यू जर्सीतल्या एखाद्या यांकीजवाल्याला (यांकीज म्हणजे जजचा न्यूयॉर्कचा संघ) विचारा, तो छातीठोकपणे सांगेल, "खरा विक्रम ॲरन जजचा, ६२." कारकिर्दीचं विचारलंत तरी तेच. यादी म्हणते बॉन्ड्स, ७६२. साठी ओलांडलेल्या अमेरिकन शेजाऱ्याच्या तोंडात मात्र ७५५ हाच आकडा बसलेला असतो, हँक ॲरनचा. (दोघंही ॲरन, म्हणून पुढे जजला जज आणि हँकला ॲरन म्हणतो.)

ॲथलेटिक्समध्ये हा घोळ नाही. १९८८ साली सोलमध्ये बेन जॉन्सन सापडला, पदक काढून घेतलं, वेळ पुसून टाकली, विषय संपला. बेसबॉलने स्टिरॉइडपायी एकही होमरन आजवर पुसलेला नाही. खेळाडूला घरी बसवतील, पगार कापतील, पण चेंडू कुंपणापार गेला तो गेला. शेन वॉर्नला २००३ च्या विश्वचषकातून बंदी असलेल्या गोळीपायी परत पाठवलं तरी त्याच्या ७०८ बळींना कुणी हात लावला नाही, तशातलाच प्रकार. त्यामुळे निवाडा करायचं काम येऊन पडतं प्रेक्षकाच्या गळ्यात.

मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा माणूस, तेव्हा बॉन्ड्सकडे माझा कल आहे हे धरूनच वाचा. तरी माझं मत असं: 'स्वच्छ' आणि 'डागाळलेले' अशी वाटणी करायला बसलात तर फसाल, कारण २००३ च्या आधी मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, स्टिरॉइडसाठी कुणाचीच चाचणी झालेली नाही. जो पकडला गेला नाही तो दुधाने धुतलेला, असं म्हणायला आपल्याकडे पुरावाच नाही. वाटणी करायचीच तर तारखेने करा. चाचणी आणि शिक्षा नसताना ज्यांनी घेतलं ते एका बाजूला, दोन्ही असताना ज्यांनी घेतलं ते दुसऱ्या बाजूला. तारखेची ही रेघ मारली की बरीच भांडणं आपोआप मिटतात.

आधी तारखा

स्टिरॉइड अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाळगणं १९९१ पासून कायद्याने गुन्हा आहे. त्याच वर्षी बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या संघांना एक परिपत्रक धाडलं: स्टिरॉइडना बंदी. मात्र चाचणी नाही. खेळाडूंच्या संघटनेशी करार झाल्याशिवाय चाचणी करता येत नव्हती आणि संघटना तयार नव्हती. परिपत्रक गेलं फायलीत.

१९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, मोसमाची अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, रद्द झाली, लोक चिडून मैदानाकडे फिरकेनासे झाले. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांची होमरनची शर्यत लागली आणि मैदानं पुन्हा भरली. त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रं, टीव्ही, संघमालक, सगळे आपापल्या पोळीवर तूप ओढून घेत होते. दंड इतके कसे फुगले, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या एका पत्रकाराला मॅग्वायरच्या कपाटात ॲन्ड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन बनणारी ही गोळी तेव्हा दुकानात सर्रास मिळायची. ऑलिंपिकमध्ये तिला बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्ये होती, बेसबॉलमध्ये नव्हती. गंमत अशी की शिव्या त्या पत्रकाराला पडल्या.

२००३ मध्ये पहिल्या चाचण्या झाल्या, त्याही निनावी. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षापासून खऱ्या चाचण्या, असा करार होता. तेवढे निघाले. शिक्षेची सुरुवात मात्र इतकी मवाळ की हसू यावं: २००५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा दिवस. २००६ पासून ५० सामने, दुसऱ्यांदा १००, तिसऱ्यांदा कायमचं घरी. २०१४ पासून पहिल्यालाच ८० आणि दुसऱ्याला अख्खा मोसम. ॲम्फेटामिनवर बंदी आली तीही २००६ मध्ये, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एका मोसमाचा विक्रम

इथे पाच नावं आहेत: बेब रूथ ६० (१९२७), रॉजर मॅरिस ६१ (१९६१), मॅग्वायर ७० (१९९८), बॉन्ड्स ७३ (२००१) आणि जज ६२ (२०२२). सोसाला मी मुद्दाम वेगळा ठेवलाय, त्याचं खाली येईल.

मॅरिसपासून सुरुवात करू, कारण 'खरा विक्रम' या भांडणाचा श्रीगणेशा त्याच्यापासून झाला. १९६१ मध्ये मोसम १५४ सामन्यांवरून १६२ वर गेला आणि अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) दोन नवे संघ आले, म्हणजे एरवी खालच्या पातळीवर राहिले असते असे बरेच पिचर (चेंडू टाकणारे) वर आले. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक हे एके काळी बेब रूथच्या नावाने त्याचे लेख लिहून द्यायचे. त्यांनी भर मोसमात जाहीर केलं की १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळा नोंदवला जाईल. १५४ सामने संपले तेव्हा मॅरिस ५९ वर होता. ६१ वा त्याने शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबरला मारला आणि यांकी स्टेडियममध्ये तेव्हा २३ हजारांच्या आसपास माणसं होती. मोसमभराच्या ताणाने त्याचे केस गळायला लागले होते. ती वेगळी नोंद काढून टाकली गेली १९९१ मध्ये, मॅरिस जाऊन सहा वर्षं होत आली तेव्हा.

म्हणजे बघा, ज्या ६१ ला आज पावित्र्याचा मापदंड मानतात, तोच आकडा तीस वर्षं 'हा काही खरा नव्हे' म्हणून बाजूला ठेवला होता. आणि १९६१ चं वातावरणही काही तुळशीवृंदावन नव्हतं. मॅरिसचा संघातला प्रतिस्पर्धी मिकी मँटल ५४ वर थांबला, कारण सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मॅक्स जेकबसन यांच्याकडे इंजेक्शन घेतल्यावर त्याच्या कंबरेजवळ गळू झालं. हे डॉक्टर नामवंतांना ॲम्फेटामिनमिश्रित इंजेक्शनं टोचायचे, पुढे १९७५ मध्ये त्यांचा परवाना रद्द झाला. मँटलच्या सुईत नेमकं काय होतं यावर वाद आहे, आणि मॅरिसवर तर मी काहीच आरोप करत नाही. पण 'ते जुने, साधेभोळे दिवस' ऐकलं की मला हे गळू आठवतं.

आता मॅग्वायर. ८ सप्टेंबर १९९८, सेंट लुइस. ६२ वा होमरन हा त्या मोसमातला त्याचा सर्वांत आखूड, ३४१ फूट, डावीकडच्या कुंपणावरून जेमतेम पलीकडे. आनंदाच्या भरात तो पहिल्या बेसला पाय लावायलाच विसरला, कोचने मागे बोलावून लावायला लावला. मग मॅरिसच्या मुलांना मिठ्या, विरुद्ध संघातून धावत आलेल्या सोसाला मिठी. ती चित्रफीत आजही पाहवते. पण २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तो भूतकाळाबद्दल बोलायला आलो नाही एवढंच म्हणत राहिला आणि २०१० मध्ये त्याने कबूल केलं की घेत होतो, १९९८ मध्येसुद्धा. दुखापतींतून सावरायला घेतलं, होमरनसाठी नव्हे, असं त्याचं म्हणणं. दोन्हींत फरक काय, हे मला अजून कळलेलं नाही. मैदानावर उभं राहता आलं म्हणूनच तर होमरन झाले.

सोसाची गंमत वेगळी. ६० च्या वर तीनदा गेलेला तो एकटाच: ६६, ६३, ६४. आणि त्या तीनही वर्षी तो आपल्या लीगमध्ये दुसराच आला, दोनदा मॅग्वायरच्या मागे, एकदा बॉन्ड्सच्या. ज्या दोन वर्षी पहिला आला त्या वर्षी मारले ५० आणि ४९. २००३ मध्ये त्याची बॅट मोडली आणि आतून बूच भरलेलं निघालं, ही बेइमानी तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने गोलमोल शब्दांत माफी मागितली आणि त्याच्या जुन्या संघाने, शिकागो कब्जने, दार उघडलं. सोसा कुणाचा विक्रम म्हणून निवडायचा प्रश्नच येत नाही, पण त्या काळाचा आरसा हवा असेल तर त्याचे आकडे पाहा. १९६१ नंतर ३७ वर्षं ६१ च्या पुढे कुणीही गेलं नाही. मग चार मोसमांत सहा वेळा तो आकडा ओलांडला गेला, तिघांच्या बॅटमधून. मग पुन्हा वीस वर्षं कुणी नाही. योगायोग इतके रांगेत उभे राहत नाहीत.

तरीही बॉन्ड्सचं २००१ मी मॅग्वायरच्या १९९८ च्या पंक्तीला बसवत नाही, आणि ते केवळ जायंट्सचा म्हणून नव्हे. हिशेब बघा. मॅरिसला एका होमरनसाठी साधारण ९.७ वेळा बॅटिंग लागली, जजला ९.२, रूथला ९, मॅग्वायरला ७.३. बॉन्ड्सला ६.५. आणि हे सगळं होत असताना पिचर त्याला खेळवायलाच तयार नव्हते: १७७ वॉक (चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला पहिला बेस फुकट देणं). तो उभा कसा राहायचा ते एकदा जुन्या चित्रणात पाहा. उजव्या कोपरावर जाडजूड कवच, प्लेटला (ज्या फळीवरून चेंडू जायला हवा ती) जवळजवळ खेटून, बॅटची मूठ दोन बोटं वर पकडलेली. बाहेरचे चेंडू एकामागून एक जाताहेत आणि हा पापणी हलवत नाही. मग एखादा चेंडू हातभर आत येतो, आखूड फटका, आणि पिचर मागे वळूनही पाहत नाही. स्टिरॉइड स्नायू वाढवतं, थकवा लवकर घालवतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यायाम करू देतं. चेंडू सोडायचा की मारायचा हे ठरवणारी नजर त्यातून येते असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.

त्यावर जजचे पाठीराखे जे म्हणतात त्यात दम आहे, तो मान्य करायला हवा. २०२२ मध्ये जजचे ६२, आणि दोन्ही लीग मिळून दुसऱ्या क्रमांकावर काइल श्वार्बर, ४६. अंतर १६. बॉन्ड्सच्या वर्षी सोसा ६४ वर होता, अंतर ९. मॅग्वायरच्या वर्षी तर चारच. म्हणजे आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे, या मापाने जज बॉन्ड्सच्या बराच वर आहे. शिवाय तो ज्या व्यवस्थेत खेळतो तिथे मोसमात आणि मोसमाबाहेर, केव्हाही लघवीचा नमुना मागतात, रक्ताचाही. मॅरिसच्या मुलाने जाहीरपणे म्हटलं की खरा विक्रम आता जजचा. स्वतः जज मात्र तसं म्हणत नाही. कॅलिफोर्नियात जायंट्सचे सामने बघत वाढलेला हा पोरगा विक्रम ७३ चाच मानतो.

बाजाराचं मत हवं असेल तर चेंडूंचे भाव पाहा. मॅग्वायरचा ७० वा चेंडू ३० लाख डॉलरच्या घरात गेला. तीनच वर्षांनी ७३ वा निघाला, त्यावरून दोन प्रेक्षक कोर्टात गेले, कोर्टाने विकून पैसे वाटून घ्या म्हटलं, आणि तो गेला साडेचार लाखांना. जजच्या ६२ व्याला १५ लाख मिळाले. विक्रम मोठा, भाव छोटा. लोकांनी आपला निकाल पाकिटाने दिला.

एक खडा मात्र डाळीत राहतोच. २०१९ मध्ये, चाचण्या कडक असताना, मेजर लीगमध्ये एकूण ६,७७६ होमरन झाले. स्टिरॉइडच्या ऐन भरात, २००० साली, झाले होते ५,६९३. २०१९ चं कारण होतं चेंडू, त्याची शिवण आणि त्यामुळे कमी झालेला हवेचा विरोध. लीगनेच नेमलेल्या शास्त्रज्ञांनी तसा अहवाल दिला. तेव्हा होमरनचा आकडा फुगवायला सुईच लागते असं नाही. मैदानाची लांबी, चेंडू, पिचरचा उंचवटा (१९६९ मध्ये तो १५ वरून १० इंचांवर आणला), संघांची संख्या, सगळ्यांचा त्यात हात असतो.

कारकिर्दीचा विक्रम: ७५५ की ७६२

इथे तुलना जास्त अवघड आहे आणि जास्त मजेची.

ॲरनने एका मोसमात कधीही ४७ च्या वर मारले नाहीत. ७५५ हा आकडा त्याने चिकाटीने जमवला: १९५५ ते १९७४, सलग वीस वर्षं, दरवर्षी किमान २०. त्याच्या ३,७७१ हिट्समधून (फटका मारून सुखरूप बेस गाठण्याची मोजणी) सगळे होमरन काढून टाका, तरी ३,०१६ उरतात. तीन हजार हिट्स म्हणजे एरवी हॉल ऑफ फेमचा, खेळातल्या थोरांच्या दालनाचा, परवाना. हेच बॉन्ड्सचं केलं तर उरतात २,१७३. मॅग्वायरचं केलं तर १,०४३, म्हणजे होमरन गेले की सगळं मुसळ केरात.

१९७३ मध्ये रूथच्या ७१४ च्या जवळ आला तेव्हा ॲरनला वर्षभरात नऊ लाखांहून जास्त पत्रं आली. बरीच शाबासकीची होती. पण एका काळ्या माणसाने गोऱ्या देवाचा विक्रम मोडू नये म्हणून जिवे मारण्याच्या धमक्याही ढिगाने होत्या. ८ एप्रिल १९७४, अटलांटा, डॉजर्सचा ॲल डाउनिंग पिचर, चेंडू डावीकडे ॲरनच्या संघाच्या, ब्रेव्हजच्याच, बुलपेनमध्ये (बदली पिचरांच्या सरावाची जागा) पडला. दुसऱ्या बेसच्या पुढे दोन पोरं मैदानात घुसून त्याच्या पाठीवर थापा मारत धावली. धमक्यांचा तो काळ पाहता अंगरक्षकाचा हात पिस्तुलाकडे गेला नाही हे त्या पोरांचं नशीब. घरच्या प्लेटवर आईने लेकाला जी मिठी मारली ती सोडायलाच तयार नव्हती.

मग ॲरन शंभर टक्के धुतल्या तांदळासारखा का? १९६८ मध्ये खेळ बसला होता तेव्हा सहकाऱ्याने दिलेली ॲम्फेटामिनची गोळी एकदा घेतल्याचं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. त्या काळात अशा गोळ्या ड्रेसिंग रूममध्ये अगदी सहज मिळायच्या. अटलांटाचं जुनं मैदानही होमरनला इतकं उदार होतं की त्याला 'लाँचिंग पॅड' म्हणायचे. मी हे ॲरनला खाली खेचायला सांगत नाही. एक गोळी म्हणजे पाच वर्षांचा पद्धतशीर कार्यक्रम नव्हे. पण 'ॲरन स्वच्छ, बॉन्ड्स घाण' अशी सरळ रेघ मारणाऱ्यांना एवढं तरी माहीत असावं.

बॉन्ड्सची बाजू १९९८ पर्यंतच्या बॉन्ड्सपासून मांडावी लागते. तोवर ४११ होमरन, ४४५ चोरलेले बेस, तीन वेळा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), आठ गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). त्या वर्षी मे महिन्यात ॲरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी शेवटच्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याला मुद्दाम वॉक दिला. म्हणजे एक धाव फुकट दिली, पण बॉन्ड्सला बॅट फिरवू दिली नाही. ॲरिझोना ८-७ ने जिंकलं. पत्रकारांच्या तपासानुसार त्याने स्टिरॉइड घ्यायला सुरुवात केली ती याच मोसमानंतर, सगळा देश मॅग्वायर-सोसाच्या नादी लागलेला पाहून. म्हणजे या खेळातला सर्वांत पूर्ण खेळाडू तो त्याआधीच होता, फक्त टाळ्या दुसऱ्यांना पडत होत्या.

त्यानंतरचे ३५१ होमरन या वादाचं मूळ. सप्टेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेममधल्या 'बाल्को' या खेळाडूंना स्टिरॉइड पुरवणाऱ्या प्रयोगशाळेवर धाड पडली. बॉन्ड्सचा ट्रेनर ग्रेग अँडरसन त्यात अडकला. ग्रँड ज्युरीपुढे बॉन्ड्सने शपथेवर सांगितलं की आपण अँडरसनने दिलेलं जवसाचं तेल आणि संधिवाताचं मलम समजून वापरलं. जवसाचं तेल! २००७ मध्ये खटला, २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याचा एक आरोप सिद्ध, २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तोही रद्द. अँडरसनने साक्ष द्यायला नकार देऊन तुरुंगवास पत्करला, तोंड उघडलं नाही. स्टिरॉइडच्या अधिकृत चाचणीत दोषी ठरल्याबद्दल लीगने बॉन्ड्सला कधी निलंबित केलं नाही. तरी त्याने घेतलं नसेल असं मानणारा माणूस मला जायंट्सच्या गोटातही भेटलेला नाही.

७५५ ची बरोबरी त्याने ४ ऑगस्ट २००७ ला सॅन डिएगोत केली. आयुक्त बड सेलिग प्रेक्षागृहात होते, खिशात हात घालून उभे राहिले. आणि तो चेंडू टाकणारा पिचर क्ले हेन्सली, याला दोनच वर्षांपूर्वी खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये स्टिरॉइडबद्दल निलंबित केलं होतं! बॅटरच्या फुगलेल्या दंडाकडे बोट दाखवताना लोक विसरतात की समोरून चेंडू टाकणारेही घेत होते. तीन दिवसांनी घरच्या मैदानात ७५६ वा. ॲरन आला नाही, पण त्याचा आधीच चित्रित केलेला शुभेच्छासंदेश मोठ्या पडद्यावर दाखवला. सभ्यतेत तो आकडा कुणी मोडलेला नाही.

७५६ वा चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको याने साडेसात लाख डॉलरला घेतला, काय करायचं यावर लोकांचं मतदान घेतलं आणि कौलाप्रमाणे त्यावर तारांकन (विक्रमावरच्या शंकेची खूण) डागून कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला दिला. चेंडू आत गेला. मारणारा अजून बाहेर आहे.

जाता जाता: जपानच्या सादाहारू ओहचे ८६८ आहेत. ती लीग वेगळी, मैदानं वेगळी, म्हणून अमेरिकन यादीत ते धरत नाहीत. धरले असते तर हा सगळा वाद दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा ठरला असता.

रेघेच्या पलीकडचे

माझी तारखेची रेघ खरी कामाला येते ती इथे. ॲलेक्स रॉड्रिगेझ, ६९६ होमरन. २००९ मध्ये त्याने कबूल केलं की टेक्सासकडून खेळताना २००१ ते २००३ घेत होतो. तोवरचं मी बॉन्ड्सच्या खात्यातच टाकलं असतं. पण माफी मागून झाल्यावर, चाचण्या आणि शिक्षा सगळं लागू असताना, फ्लोरिडातल्या 'बायोजेनेसिस' दवाखान्याच्या कागदांत त्याचं नाव पुन्हा निघालं. २११ सामन्यांची बंदी लवादाने १६२ वर आणली आणि २०१४ चा अख्खा मोसम तो घरी बसला. मॅनी रामिरेझ, ५५५, दोनदा पकडला गेला. राफाएल पाल्मेरो याने मार्च २००५ मध्ये संसदेच्या समितीपुढे बोट नाचवत सांगितलं की मी कधीही घेतलं नाही, आणि पाच महिन्यांत स्टॅनोझोलॉल या स्टिरॉइडसाठी निलंबित झाला. ५६९ होमरन आणि तीन हजारांवर हिट्स असून त्याचं नाव हॉलच्या मतपत्रिकेवरून केव्हाच गळलं.

यांच्याशेजारी डेव्हिड ऑर्टिझला ठेवा. २००३ च्या निनावी यादीत त्याचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये फुटली. पुढे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनीच सांगितलं की त्या यादीतल्या काही निकालांवर शंका होती. चाचण्या सुरू झाल्यावर ऑर्टिझ दहा वर्षांहून जास्त खेळला आणि कधी सापडला नाही. त्याला मी संशयाचा फायदा देतो. पण २०२२ मध्ये तो पहिल्याच फटक्यात ७७.९ टक्क्यांनी हॉलमध्ये गेला आणि त्याच दिवशी बॉन्ड्स शेवटच्या संधीत ६६ टक्क्यांवर अडला, हा हिशेब मला काही जुळवता आलेला नाही. ऑर्टिझ हसरा, पत्रकारांचा लाडका. बॉन्ड्स पत्रकारांच्या अंगावर जाणारा. मतं पत्रकार देतात. पुढचं तुम्हीच समजून घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये जुन्या खेळाडूंच्या समितीनेही बॉन्ड्सला डावललं आणि घेतलं जेफ केंटला, जो एके काळी डगआउटमध्ये बॉन्ड्सशी हाणामारी करून बसला होता.

आणि बड सेलिग? ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं झालं, ज्यांनी १९९८ च्या गर्दीवर खेळाची तिजोरी भरली, ते २०१७ पासून हॉलमध्ये आहेत. मॅग्वायरचे मॅनेजर टोनी ला रुसाही आहेत. स्टिरॉइडवरच्या २००७ च्या मिचेल अहवालाने आयुक्त, संघ, संघटना आणि खेळाडू, सगळ्यांना जबाबदार धरलं होतं. शिक्षा मात्र एकाच रांगेला झाली. कुंपणाने शेत खाल्लं, मार राखणदाराला बसला नाही.

मग तुम्ही कुणाला धरायचं?

आकडा म्हणजे घडलेल्या गोष्टींची मोजणी असं तुम्ही मानत असाल तर ७३ आणि ७६२, विषय संपला. मी तेच मानतो. विक्रमाच्या यादीला चारित्र्याचा दाखला समजायला लागलात की मग १९४७ च्या आधीचं सगळंच काढावं लागेल, कारण मेजर लीगमध्ये रूथच्या समोर एकही काळा पिचर येऊ दिला जात नव्हता.

आपल्या काळातल्या सगळ्यांना किती मागे टाकलं हे महत्त्वाचं वाटत असेल तर जजचं २०२२ घ्या, आणि ते घेताना ७३ खोटे आहेत असं म्हणायची गरज नाही. घरात दहा-बारा वर्षांचं पोर खेळायला लागलं असेल आणि त्याच्या भिंतीवर एकाचंच चित्र लावायचं असेल तर बेधडक ॲरन. मॅग्वायर आणि सोसा कुठल्याच कसोटीत पहिले येत नाहीत, पण तो १९९८ चा उन्हाळा चित्रणात जरूर पाहा, खेळ म्हणून तो फार देखणा होता. ज्याच्याबद्दल ना कुजबुज ना खटला, असा त्या काळातला होमरनवाला हवा असेल तर केन ग्रिफी ज्युनिअर, ६३०, हॉलसाठी ९९.३ टक्के मतं. मात्र त्याच्याही ऐन भरातल्या वर्षांना चाचणीचा कागद नाही, फक्त आपला विश्वास आहे. तिशीनंतर त्याचं शरीर जसं मोडत गेलं, ते पाहता तो विश्वास मला जड जात नाही.

आणि ज्याला जुन्या भांडणांत रसच नाही त्याने सरळ आजचे सामने लावावेत. २०२५ मध्ये सिॲटलच्या कॅल रॅली याने ६० मारले, तेही कॅचर असून, बहुतेक सामन्यांत प्लेटमागे उकिडवं बसून, आणि दोन्ही हातांनी बॅटिंग करून. कॅचरने असं काही करावं हे यादीत आधी कुठेच नव्हतं, आणि त्यावर अजून तरी कुणी तारांकन मागितलेलं नाही.